कॅथलिक संत आणि धर्मशिक्षणाची परंपरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवणारे पालक, नव्याने शिकवायला उभे राहिलेले धर्मशिक्षक आणि कॅथलिक नसलेले पण कुतूहल असलेले वाचक पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझं स्वतःचं मत आधीच सांगून ठेवतो. या परंपरेतल्या बहुतेक चांगल्या पद्धती कुणा ना कुणा संताला समोर बसलेल्या विद्यार्थ्यामुळे शोधाव्या लागल्या. त्यामुळे खाली नियमांपेक्षा माणसंच जास्त भेटतील.

धर्मशिक्षणात नेमकं काय शिकवतात?

चार गोष्टी: कशावर श्रद्धा ठेवायची, ती श्रद्धा उपासनेत कशी साजरी करायची, तिला धरून कसं जगायचं आणि प्रार्थना कशी करायची. त्यासाठी अनुक्रमे विश्वासांगीकार (श्रद्धेची थोडक्यात कबुली), सात संस्कार (बाप्तिस्मा, विवाह यांसारखे चर्चचे पवित्र विधी), दहा आज्ञा आणि प्रभू येशूने शिकवलेली 'हे आमच्या स्वर्गीय बापा' ही प्रार्थना घेतात. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६६ साली निघालेला रोमन कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षणाचं अधिकृत पुस्तक, याच चार भागांत होता. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीर केलेला आजचा कॅटेकिझमही याच चार भागांत आहे. त्यात २,८६५ परिच्छेद आहेत. तो फार मोठा वाटतो त्यांच्यासाठी २००५ मध्ये ५९८ प्रश्नोत्तरांची संक्षिप्त आवृत्ती निघाली.

या क्रमाकडे जरा लक्ष द्या. दहा आज्ञा तिसऱ्या भागात येतात. देवाने माणसासाठी काय केलं ते आधी, माणसाने काय करावं ते नंतर. हा क्रम उलटा करून 'हे करू नका, ते करू नका' इथूनच वर्ग सुरू केला, तर मुलांच्या मनात धर्म म्हणजे केवळ नियमांची यादी होऊन बसते.

कॅथलिक लोक संतांची पूजा करतात का?

नाही. आराधना फक्त देवाची. संतांचा आदर करतात आणि 'आमच्यासाठी प्रार्थना करा' अशी त्यांना विनंती करतात. इसवी सन ७८७ मध्ये निकिया इथे भरलेल्या दुसऱ्या धर्मपरिषदेने हा फरक स्पष्ट शब्दांत मांडला आणि प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याला पोहोचतो असं सांगितलं.

संत कोण ठरवतं? आणि त्याला इतका वेळ का लागतो?

सुरुवातीच्या शतकांत लोकच ठरवत. एखाद्या हुतात्म्याच्या कबरीपाशी माणसं जमू लागली, त्याच्या स्मृतिदिनी मिस्सा (चर्चची मुख्य उपासना) होऊ लागली, की स्थानिक बिशप, म्हणजे त्या भागातल्या चर्चचे प्रमुख, त्याला मान्यता देत. पोपने रीतसर संत घोषित केल्याची पहिली नोंद ९९३ सालची, ऑग्सबर्गचे बिशप उलरिक यांची. पुढे १२३४ मध्ये हा अधिकार फक्त पोपकडे राहिला. सध्याची कार्यपद्धती १९८३ मध्ये ठरली.

सर्वसाधारणपणे मृत्यूनंतर निदान पाच वर्षं थांबून चौकशी सुरू होते. त्या व्यक्तीला आधी 'देवाचा सेवक' म्हणतात, सद्गुणांची खात्री पटली की 'वंदनीय', मध्यस्थीने घडलेला एक चमत्कार मान्य झाला की 'धन्यवादित' आणि दुसरा मान्य झाल्यावर 'संत'. धर्मासाठी प्राण दिलेल्यांना धन्यवादित ठरवण्यासाठी चमत्काराची अट नसते.

वेळेचं म्हणाल तर पादुआकर संत अँथनी वर्षभरातच, १२३२ मध्ये, संत घोषित झाले. अँजेला मेरिची १५४० मध्ये वारल्या आणि १८०७ मध्ये संत झाल्या. उशीर झाला म्हणजे माणूस कमी प्रतीचा असं मुळीच नाही. अनेकदा पाठपुरावा करायला मागे कुणी नसतं, एवढंच.

शाळा नव्हत्या तेव्हा धर्मशिक्षण कसं होत असे?

पहिल्या काही शतकांत विद्यार्थी मुख्यतः प्रौढ असत. बाप्तिस्मा घ्यायची इच्छा असलेल्या माणसाची तयारी कित्येकदा दोन-तीन वर्षं चाले आणि पास्काच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, रात्री त्याला पाण्यात उतरवत. ३५० च्या सुमारास संत सिरिल यांनी जेरुसलेममध्ये, येशूच्या कबरीच्या जागी उभ्या राहिलेल्या चर्चमध्ये, उपवासकाळात अशा लोकांना प्रवचनं दिली. त्यातली अठरा आजही वाचायला मिळतात. ते शिकवत होते ती जागा आणि ते सांगत होते ती घटना यांच्यात काही पावलांचंच अंतर होतं. संस्कारांचा पूर्ण अर्थ मात्र बाप्तिस्म्यानंतरच्या आठवड्यात उलगडून सांगत. आधी अनुभव, मग स्पष्टीकरण.

या काळातलं माझं सर्वात आवडतं उदाहरण संत ऑगस्टीन यांचं आहे. ४०० च्या सुमारास कार्थेजमधल्या देओग्रातियास नावाच्या एका डीकनने (धर्मगुरूच्या खालच्या पदावरच्या सेवकाने) त्यांना कळवलं, की नवख्यांना तेच तेच शिकवून मी कंटाळलोय, माझं बोलणं मलाच रटाळ वाटतं. ऑगस्टीन तेव्हा हिप्पोचे बिशप होते. त्यांनी उत्तरादाखल एक छोटं पुस्तकच लिहून पाठवलं.

त्यात ते आधी धीर देतात: माझं बोलणं मलाही जवळजवळ कधीच पसंत पडत नाही, पण ऐकणाऱ्याला ते तितकं वाईट वाटत नसतं. मग अगदी बारीकसारीक सूचना येतात. माणूस कशासाठी आला आहे ते आधी विचारा. तो उभा राहून दमला असेल तर त्याला बसायला द्या. जांभया देत असेल तर काहीतरी प्रसन्न करणारं बोला. आणि तेच तेच सांगण्याच्या कंटाळ्यावर त्यांचा उपाय असा: आपल्या ओळखीच्या शहरातून आपण एरवी काही न पाहता चालत जातो, पण पहिल्यांदा आलेल्या मित्राला तेच शहर दाखवताना त्याच्या आनंदाने आपल्यालाही ते नव्याने दिसतं. मात्र त्या मित्रावर प्रेम हवं. सोळाशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला मी प्रत्येक नव्या धर्मशिक्षकाला सांगतो. याहून उपयोगी काही अजून माझ्या वाचनात आलेलं नाही.

ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांचं काय?

त्यांच्यासाठी चित्रं, मूर्ती, सणवार आणि नाट्य होतं. ६०० च्या सुमारास मार्सेचे बिशप सेरेनुस यांनी चर्चमधली चित्रं फोडून टाकली. लोक चित्रांचीच आराधना करतात असं त्यांना वाटत होतं. पोप संत ग्रेगरी यांनी त्यांना पत्र लिहून समज दिली: आराधना थांबवलीत ते ठीक, पण चित्रं फोडायला नको होती. वाचणाऱ्याला जे पुस्तकातून मिळतं ते न वाचणाऱ्याला भिंतीवरून मिळतं.

असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो गावी गवत, बैल आणि गाढव आणून येशूजन्माचा देखावा उभा केला. गव्हाणीतल्या बाळाचं दारिद्र्य लोकांनी डोळ्यांनी पाहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आजचे नाताळातले गोठे त्याच वळणावर गेले आहेत.

लोकांच्या भाषेत शिकवायची प्रथा अलीकडचीच ना?

उपासना लॅटिनमधून दीर्घकाळ चालली, म्हणून असा समज होतो. शिकवण्याची गोष्ट वेगळी आहे. संत सिरिल आणि मेथोडियस हे भाऊ ८६३ मध्ये मोराव्हियात स्लाव लोकांकडे निघाले. त्या भाषेला लिपी नव्हती. सिरिल यांनी ती तयार केली आणि मग शुभवर्तमान भाषांतरित केलं. त्यांना त्यासाठी कडवा विरोध सोसावा लागला.

संत फ्रान्सिस झेविअर १५४२ मध्ये गोव्यात उतरले, तेव्हा हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत आणि मुलांना धर्मशिक्षणाला बोलावत. पुढे दक्षिणेच्या मोती वेचणाऱ्या कोळी लोकांत गेल्यावर त्यांनी जाणकारांकडून क्रुसाची खूण, विश्वासांगीकार, आज्ञा आणि प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या, त्या स्वतः पाठ केल्या आणि मुलांना शिकवल्या. मग मुलांना सांगितलं, आता घरी जाऊन आईवडिलांना आणि शेजाऱ्यांना शिकवा. त्यांचं तमिळ मोडकंतोडकं होतं. मुलांनी ते काम पुढे नेलं.

प्रश्न आणि उत्तर अशा पद्धतीने शिकवणं कुठून आलं?

गुरू-शिष्यांमधली प्रश्नोत्तरं जुनीच, पण मुलांच्या हातात छापील प्रश्नोत्तरी आली ती सोळाव्या शतकात. १५२९ मध्ये मार्टिन लुथर यांच्या प्रश्नोत्तरीने प्रोटेस्टंट घरांमध्ये धर्मशिक्षण पोहोचवलं आणि कॅथलिक बाजूलाही आपली उणीव जाणवली. ती भरून काढणाऱ्यांत येशूसंघाचे (जेज्विट धर्मसंघाचे) संत पीटर कनिशियस प्रमुख. १५५५ ते १५५८ या काळात त्यांनी एकाच विषयावर तीन पुस्तकं तयार केली: विद्यापीठातल्यांसाठी मोठं, अगदी लहान मुलांसाठी छोटंसं आणि मधल्या वयासाठी मधलं. एकच सत्य तीन वयांसाठी तीन प्रकारे सांगावं लागतं, हे आज सगळ्यांना सहज पटतं. त्या काळी ते करून दाखवणारे थोडे होते. कनिशियस यांच्या लिखाणाचा सूरही लक्षात घेण्याजोगा आहे. इतका कडवट वाद चालू असताना त्यांच्या प्रश्नोत्तरीत विरोधकांना शिव्याशाप नाहीत.

नंतर १५९७ आणि १५९८ मध्ये संत रॉबर्ट बेलार्मिन यांनी दोन प्रश्नोत्तरी लिहिल्या. एकीत शिक्षक प्रश्न विचारतो आणि मूल उत्तर देतं. शिक्षकांसाठीच्या दुसरीत विद्यार्थी विचारतो आणि शिक्षकाला उत्तर द्यावं लागतं. ही दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते.

मग पाठांतर करून घ्यावं की नाही?

घ्यावं, पण थोडं आणि निवडक. रोजच्या प्रार्थना, विश्वासांगीकार, दहा आज्ञा, संस्कारांची नावं इतकं तोंडपाठ असलं पाहिजे. आजारपणात, दुःखात, म्हातारपणी माणसाच्या ओठांवर तेच येतं. परिच्छेदच्या परिच्छेद घोकून घेऊन परीक्षेत गुण देण्याला मात्र माझा विरोध आहे. मुलाला अर्थ कळला की नाही हे पाहायचं असेल तर त्याला तेच त्याच्या शब्दांत सांगायला सांगा.

रविवारचे वर्ग कुणी सुरू केले?

मिलानमध्ये १५३६ साली कास्तेल्लिनो दा कास्तेल्लो या धर्मगुरूंनी सणासुदीला आणि रविवारी मुलांना जमवून शिकवायला सुरुवात केली. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने रविवारी व सणांना मुलांना धर्मशिक्षण देण्याची जबाबदारी बिशपांवर टाकली. त्याच मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनी ती सर्वांत गांभीर्याने घेतली. १५८४ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या धर्मप्रांतात अशा सुमारे ७४० शाळा, तीन हजारांवर शिक्षक आणि ४०,००० च्या आसपास विद्यार्थी होते. यातले बहुतेक शिक्षक सामान्य प्रापंचिक स्त्री-पुरुष होते, आठवडाभर आपापला धंदा करून रविवारी शिकवायला येणारे.

गरीब मुलांच्या मोफत शाळांशी संतांचा काय संबंध?

फार जवळचा. संत जोसेफ कलासान्झ हे स्पॅनिश धर्मगुरू रोमला आले ते बढतीच्या आशेने. तिथे त्रास्तेव्हेरे वस्तीत फिरताना रस्त्यावर वाढणारी मुलं त्यांनी पाहिली. १५९७ मध्ये संत दोरोतेआ चर्चच्या खोल्यांत त्यांनी मोफत शाळा उघडली. युरोपातली सर्वांसाठी खुली असलेली पहिली मोफत शाळा म्हणून तिचा उल्लेख होतो. वाचन, लेखन, हिशेब आणि धर्मशिक्षण असे विषय होते. म्हातारपणी त्यांनीच स्थापन केलेल्या धर्मसंघातल्या माणसांच्या कारस्थानांमुळे त्यांना रोमच्या रस्त्यांतून चौकशीसाठी नेण्यात आलं, आणि १६४६ मध्ये त्यांच्या संघाचा दर्जाही काढून घेण्यात आला. दोन वर्षांनी ते वारले. संघ पुढे पुन्हा उभा राहिला, आणि १९४८ मध्ये पोप पायस बारावे यांनी कलासान्झ यांना लोकशाळांचे आश्रयदाते संत घोषित केलं.

संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांची गोष्ट वेगळ्या अंगाने मोलाची आहे. ते फ्रान्समधल्या रेम्सचे, श्रीमंत घरातले, कोवळ्या वयातच तिथल्या कॅथीड्रलमध्ये मानाचं पद मिळालेले. गरीब मुलांच्या शाळांसाठी शिक्षक हवे होते, म्हणून ते मदत करू लागले. त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे, की सुरुवातीला हे शिक्षक मला माझ्या घरच्या नोकराहूनही खालचे वाटत आणि त्यांच्याबरोबर राहायचं हा विचारसुद्धा असह्य होता. पुढे त्याच शिक्षकांना त्यांनी आपल्या घरी जेवायला, मग राहायला बोलावलं. १६८३ मध्ये पद सोडलं, आणि त्यानंतरच्या दुष्काळात आपली संपत्ती भुकेल्यांना वाटून टाकली. शिक्षकांना उद्याची चिंता करू नका म्हणून सांगायचं, तर स्वतःही त्यांच्याच पातळीवर उभं राहायला हवं, हे त्यांना पटलं होतं.

वर्गातही त्यांनी मोठे बदल केले. तोवर मुलांना आधी लॅटिन वाचायला शिकवत आणि एकेकाला पुढे बोलावून धडा घेत. ला साल यांनी मातृभाषेतून, म्हणजे फ्रेंचमधून, वाचन सुरू केलं आणि सारख्या पातळीच्या मुलांचा एक वर्ग करून सर्वांना एकत्र शिकवलं. त्यांच्या शाळांच्या नियमपुस्तिकेत सकाळच्या न्याहारीबद्दल एक प्रकरणच आहे. मुलं शाळेत बसून खात. नीट कसं खावं, देवाचे आभार कसे मानावेत हे शिक्षक त्या वेळी शिकवत. ज्याच्याकडे जास्त पाव असेल तो एका टोपलीत टाके आणि ज्याने काही आणलं नसेल त्याला त्यातून मिळे. शेजाऱ्यावर प्रीती करा या आज्ञेचा पाठ तिथे रोज असा होत होता. १९५० मध्ये त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत घोषित करण्यात आलं.

भारतातही संत कुरियाकोस एलिआस चावरा यांनी एकोणिसाव्या शतकात केरळमध्ये प्रत्येक चर्चबरोबर शाळा हवी असा आदेश काढला. ते २०१४ मध्ये संत झाले.

या परंपरेत स्त्रियांचं स्थान काय?

पायाचं. १५३५ मध्ये इटलीतल्या ब्रेशा इथे अँजेला मेरिची यांनी २८ तरुणींना घेऊन संत उर्सुलेच्या नावाने एक मंडळ स्थापन केलं. या मुली मठात न जाता आपापल्या घरी राहून देवाला वाहून घेत. त्या काळात ही कल्पनाच धाडसाची होती. पुढे चर्चने त्यांना मठाच्या भिंतींआड राहायला लावलं, तेव्हा त्यांनी त्या भिंतींच्या आत मुलींच्या शाळा काढल्या. त्याच उर्सुलाइन परंपरेतल्या संत मरी द लँकार्नासिओं १६३९ मध्ये फ्रान्सहून क्वेबेकला गेल्या आणि तिथल्या आदिवासींच्या भाषा शिकून त्या भाषांत कॅटेकिझम लिहिले.

एलिझाबेथ अ‍ॅन सीटन पाच मुलांच्या विधवा आई होत्या. १८०९ मध्ये त्यांनी अमेरिकेत मेरीलँडमधल्या एमिट्सबर्ग इथे धर्मभगिनींचा संघ काढला आणि गरीब मुलींसाठी मोफत शाळा चालवली. १९७५ मध्ये त्या अमेरिकेत जन्मलेल्या पहिल्या संत ठरल्या.

ऑस्ट्रेलियाच्या मेरी मॅकिलॉप यांच्याबद्दल सांगायलाच हवं. १८६६ मध्ये पेनोला या खेड्यात त्यांनी शाळा सुरू केली. दूर रानात वसलेल्या वस्त्यांमध्ये त्यांच्या सिस्टर दोन-दोन, तीन-तीन करून राहत आणि शिकवत. संघाचा कारभार कुणाच्या हाती असावा यावरून वाद झाला आणि १८७१ मध्ये त्यांच्या बिशपनी त्यांना चर्चबाहेर काढलं. पुढच्याच वर्षी, स्वतःच्या मृत्यूच्या काही दिवस आधी, त्याच बिशपनी तो आदेश मागे घेतला. त्या काळात मेरी यांनी त्यांच्याविरुद्ध कडवटपणे बोलणं टाळलं. २०१० मध्ये त्या संत झाल्या. ज्येष्ठांचा निर्णय चुकू शकतो आणि तरीही माणूस खरेपणा सोडत नाही, हे मोठ्या मुलांना मोकळेपणाने सांगावं. त्याने चर्चवरची त्यांची श्रद्धा कमी होणार नाही.

संतांच्या शाळांमध्ये मारत असत का?

काही ठिकाणी, हो. ला साल यांच्या शाळांतही शिक्षा होती, पण तिच्यावर त्यांनी खूप अटी घातल्या होत्या. त्या शतकात तेवढंही विशेष होतं. मारण्याची मुळातच गरज नाही असं ठामपणे मांडून दाखवलं ते संत जॉन बॉस्को यांनी.

८ डिसेंबर १८४१ चा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ट्यूरिनमधल्या असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या चर्चमध्ये ते मिस्साची तयारी करत होते. कोपऱ्यात एक मुलगा उभा होता. तिथल्या सेवकाने त्याला मिस्सेला मदत कर म्हणून सांगितलं. मुलगा म्हणाला, मला येत नाही. त्यावर सेवकाने त्याला बदडून हाकलून दिलं. बॉस्को यांनी 'तो माझा मित्र आहे' म्हणत त्याला परत बोलवायला लावलं. मिस्सा झाल्यावर विचारपूस झाली. नाव बार्तोलोमेओ गारेल्ली, वय सोळा, आईवडील वारलेले, लिहितावाचता येत नाही, पहिलं कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेणं) झालेलं नाही. धर्मशिक्षणाला का जात नाहीस? माझ्याहून लहान मुलांना सगळं येतं आणि मला एवढ्या मोठ्याला काही येत नाही, लाज वाटते. मी एकट्याला शिकवलं तर येशील? हो, मारणार नसाल तर. पहिला धडा क्रुसाच्या खुणेचा झाला, कारण तीसुद्धा त्याला येत नव्हती. बॉस्को यांच्या सेल्शियन धर्मसंघाच्या जगभरातल्या कामाची सुरुवात या भेटीपासून मानतात.

'लाज वाटते' हे उत्तर प्रत्येक धर्मशिक्षकाने लक्षात ठेवावं. वर्गात न येणारा मोठा मुलगा नास्तिक किंवा उनाड असेलच असं नाही.

बॉस्को यांच्या पद्धतीचे तीन आधार होते: समजावून सांगणं, धर्म आणि माया. १८८४ मध्ये रोमहून लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात, की मुलांवर प्रेम करणं पुरेसं नाही, आपल्यावर प्रेम होतंय हे त्यांना जाणवलं पाहिजे.

इथे आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. या परंपरेच्या नावाखाली मुलांवर अन्यायही झाले आहेत. कॅनडातल्या निवासी शाळांमध्ये आदिवासी मुलांना त्यांच्या घरापासून आणि भाषेपासून तोडलं गेलं. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिथे जाऊन त्याबद्दल क्षमा मागितली. संतांची उदाहरणं देताना हेही सांगणं आपलं कर्तव्य आहे.

'डॉक्टर ऑफ द चर्च' म्हणजे काय?

ज्या संतांची शिकवण सगळ्या चर्चला सर्व काळासाठी उपयोगी ठरली त्यांना पोप हा किताब देतात. असे ३८ संत आहेत आणि त्यांत चार स्त्रिया: आविलाच्या तेरेसा, सिएनाच्या कॅथरीन, लिझ्यूच्या तेरेज आणि बिंगेनच्या हिल्डेगार्ड. कॅथरीन यांना शालेय शिक्षण नव्हतं. त्यांची बरीचशी पत्रं त्यांनी तोंडी सांगून लिहवून घेतली. तेरेज २४ व्या वर्षी वारल्या. सर्वात अलीकडचे जॉन हेन्री न्यूमन, नोव्हेंबर २०२५ मध्ये घोषित झालेले. संत थॉमस अक्विनास यांच्या जोडीने ते आता कॅथलिक शिक्षणाचेही आश्रयदाते आहेत.

अक्विनास यांच्याबद्दल मंद वाटणाऱ्या मुलांना आवर्जून सांगावं. ते अंगाने दांडगे आणि अबोल होते, सोबती त्यांना 'मुका बैल' म्हणून चिडवत. त्यांचे गुरू संत अल्बर्ट यांनी मात्र त्यांना बरोबर ओळखलं होतं.

पहिल्या कम्युनियनसाठी साधारण सात वर्षांची अट का?

पोप संत पायस दहावे यांच्या १९१० च्या आदेशामुळे. त्याआधी अनेक ठिकाणी मुलांना दहा, बारा, चौदा वर्षांपर्यंत थांबावं लागे. पायस यांनी सांगितलं, की मुलाला विचार करता येऊ लागला आणि ही भाकर साध्या भाकरीपेक्षा वेगळी आहे एवढं त्याच्या कुवतीप्रमाणे कळलं, की पुरे. पूर्ण ज्ञान नंतर येत राहील. पाच वर्षं आधी, १९०५ मध्ये, धर्मशिक्षणाच्या दुरवस्थेवर त्यांनी परिपत्रक काढलं होतं आणि पोप असतानाही ते व्हॅटिकनच्या अंगणात लोकांना स्वतः शिकवत.

घरी कुणी प्रार्थना करत नसेल, तर वर्गाने काय साधणार?

थोडं साधतं, पण खरं बळ घरातूनच येतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक असल्याचं स्पष्ट म्हटलं. वर सांगितलेल्या तेरेज यांचे आईवडील लुई आणि झेली मार्तँ २०१५ मध्ये संत झाले, एकत्र संत घोषित झालेलं पहिलं जोडपं. ते घड्याळजी, ती लेस विणून विकणारी. झेली यांच्या पत्रांत कामाची धावपळ, मुलांची आजारपणं, चार लेकरांचे मृत्यू हेच भरलेलं आहे, आणि मधेमधे मुलींची प्रार्थना. पालकांनी मोठं प्रवचन देण्याची गरज नाही. रात्री झोपताना मुलाबरोबर दोन मिनिटं डोळे मिटून बसलात तरी वर्गातल्या शिक्षकाचं निम्मं काम होतं.

संतांच्या गोष्टींतल्या दंतकथा मुलांना सांगाव्यात का?

सांगाव्यात, पण दंतकथा म्हणून. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारे संत क्रिस्तोफर, अजगराला मारणारे संत जॉर्ज यांच्या कथांमध्ये श्रद्धेचं सत्य आहे, इतिहासाची नोंद नाही. १९६९ मध्ये सार्वत्रिक दिनदर्शिकेतून क्रिस्तोफर यांचा सण वगळला, म्हणून त्यांचं संतपद काढून घेतलं अशी समजूत पसरली. तसं घडलेलं नाही. सण स्थानिक पातळीवर ठेवला गेला इतकंच.

दहा-बारा वर्षांचं मूल 'हे खरंच झालं?' असं विचारतं, तेव्हा खरं उत्तर द्या. तिथे खोटं सांगितलं तर पुढे येशूच्या पुनरुत्थानाबद्दल सांगाल तेव्हाही ते तसंच ऐकेल.

मोठेपणी शिकायचं असेल तर?

जवळच्या चर्चमधल्या फादरना भेटा. प्राचीन काळातली प्रौढांची टप्प्याटप्प्याची तयारी १९७२ मध्ये नव्या रूपात परत आणली गेली आहे. ती साधारणपणे पास्काच्या जागरणविधीत पूर्ण होते. मधेच थांबावंसं वाटलं तर थांबता येतं.

धर्मशिक्षक व्हायला धर्मगुरू किंवा सिस्टर असावं लागतं का?

नाही. मे २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रापंचिकांसाठी धर्मशिक्षकाचं अधिकृत सेवापद स्थापन केलं. काम मात्र खूप जुनं आहे, आणि त्यासाठी काहींनी जीवही दिला आहे.

पापुआ न्यू गिनीचे पीटर टो रोट हे राकुनाई गावातले विवाहित धर्मशिक्षक, तीन मुलांचे वडील. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने मिशनरींना कैदेत टाकलं, तेव्हा गावात धर्मगुरू उरला नाही. पीटर लोकांना प्रार्थनेसाठी जमवत, बाप्तिस्मा देत, आजाऱ्यांकडे जात, लग्नांच्या नोंदी ठेवत. जपान्यांनी बहुपत्नीत्वाला पुन्हा मुभा दिली, त्याला त्यांनी उघड विरोध केला, आणि त्यासाठी त्यांना पकडून १९४५ मध्ये कैदेत मारण्यात आलं. १९ ऑक्टोबर २०२५ ला ते संत घोषित झाले, पापुआ न्यू गिनीचे पहिले.

वर्गात कोणत्या संतापासून सुरुवात करावी?

मुलांच्या नावांपासून. वर्गात एखादा अँथनी, एखादी तेरेसा, एखादा जॉन असतोच. ज्याच्या नावाचा संत आहे त्याने त्या संताची एक खरी गोष्ट शोधून आणायची: कुठे जन्म, काय काम करत, कशाची भीती वाटत होती, कुणाला मदत केली. नावात संत नसेल तर आपल्या चर्चचा आश्रयदाता संत घ्यायला सांगा, किंवा मुलाला आपल्या जन्मतारखेला कोणाचा सण येतो ते पाहू द्या. चमत्कार शेवटी येऊ द्यात. आणि गोष्ट सांगून झाल्यावर लगेच 'यातून आपण काय शिकलो?' असं विचारू नका. पुढच्या रविवारी विचारा, गेल्या वेळचं कुणाला काय आठवतंय. मुलं जे सांगतील, तिथून पुढचा धडा घ्या.